उजवा नव्व्याण्णव, डावा नव्व्याण्णव

शेवट आधीच सांगून टाकलेला बरा. वजनमापे खात्याचे निरीक्षक आणि त्यांचे साडू, या दोघांनाही मऊ कॉन्टॅक्ट लेन्सच्या अभ्यासातून एकाच सकाळी, एकाच बाकावरून उठवून, हात जोडून घरी पाठवण्यात आलं.

आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. निरीक्षकांना विचाराल तर ते म्हणतील की शास्त्राला जेवढं सहकार्य करणं शक्य होतं तेवढं करून त्यांनी स्वतःहून विश्रांती घेतली. साडूंचं विचाराल तर 'कोण साडू?' असंही म्हणतील. तेव्हा आपण काहीच घडलेलं नाही असं धरून चालू, आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगू.

सुरुवात एका वाक्याने झाली. वाक्य निरीक्षकांच्या बायकोचं. स्थळ सासुरवाडीची बैठकीची खोली. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्या संध्याकाळी चष्म्याशिवाय दारात उभे राहिले. साडू एका मोठ्या दुकानात पडद्यांच्या विभागाचे प्रमुख आहेत. बोलताना ते हात अशा झोकात फिरवतात की समोरच्याला आपल्या घराला खिडक्या कमी पडल्यात असं वाटू लागतं. तर ते हात फिरवत आत आले, आणि निरीक्षकांची बायको म्हणाली,

"अगंबाई, भावोजी! तुमचे डोळे किती छान आहेत हो! इतकी वर्षं कुठे लपवून ठेवले होते?"

निरीक्षक तेव्हा संत्रं सोलत होते. ते थांबले. संत्रंही थांबलं.

निरीक्षकांना मत्सर वाटला का? छे. मत्सर हा शब्दच त्यांच्या खात्यात नाही. खात्यात फक्त तफावत असते. दोन पारड्यांत तफावत, पाकिटावर छापलेल्या वजनात आणि आत भरलेल्या मालात तफावत. त्या संध्याकाळी त्यांना एक तफावत आढळली, इतकंच. ती छातीत होती आणि जळत होती.

घरी परतताना त्यांनी चौकशी सुरू केली.

"तुला त्यांच्या डोळ्यांत इतकं काय आवडलं?"

"अहो, सहज म्हटलं."

"सहज कसं? काहीतरी बघूनच म्हटलं असशील."

"छान दिसत होते, म्हणून छान म्हटलं. त्यात एवढं काय?"

"आणि माझे?"

बायको रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबली. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दिव्याचा उजेड त्यांच्या काचांवर पडला होता.

"दिसत नाहीत हो," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

हे खरंच होतं. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांच्या चष्म्याची एक खोड असते: तो माणसाला जग मोठं करून देत नाही, पण जगाला त्या माणसाचे डोळे बारीक करून दाखवतो. निरीक्षकांचा नंबर भारी. त्यांचे डोळे बाहेरच्या माणसाला टेकडीपलीकडच्या घराच्या दोन खिडक्यांसारखे दिसायचे. कोणीतरी राहत असावं, एवढाच अंदाज यायचा. चष्मा ते फक्त आंघोळीला आणि झोपताना काढायचे. पहिल्या वेळी दार बंद असायचं आणि दुसऱ्या वेळी दिवा. लग्नाच्या फोटोतसुद्धा डोळ्यांच्या जागी फ्लॅशचे दोन पांढरे ठिपके आहेत.

त्या रात्री निरीक्षकांनी ठरवलं की ते वाक्य आपल्या बायकोच्या तोंडून आपल्याबद्दल निघालं पाहिजे. वाक्य तेच. डोळे मात्र हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साडूंना फोन केला. आडून आडून विचारलं. साडूंनी सरळ सरळ सांगितलं.

"अहो, नेत्र रुग्णालयात अभ्यास चाललाय. दोन प्रकारच्या लेन्स, मोठी माणसं, लांबचा नंबर. तुम्ही पण या की! फक्त तुमची निवड होईलच असं नाही हां. ते फार बारकाईने बघतात."

'निवड' या शब्दावर साडूंनी जो जोर दिला तो निरीक्षकांना फोनमधूनही टोचला.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण निरीक्षकांनीच ती पसरवली. वरच्या मजल्यावरच्या मावशी ताबडतोब खाली आल्या. लेन्स डोळ्याच्या मागे सरकते, मागून मेंदूकडे जाते, आणि मग माणसाला आतलंच दिसायला लागतं, असं त्यांच्या ऐकण्यात होतं. "माझ्या नणंदेच्या दिरांचं तसंच झालं," त्या म्हणाल्या. "आता ते कोणाकडे बघतच नाहीत." निरीक्षकांनी विचारलं, ते लेन्स लावत होते का? "नाही हो, ते स्वभावानेच तसे आहेत. पण झालं की नाही?" समोरच्या दारातले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले की डोळ्यांचा व्यायाम केला तर चष्माच लागत नाही. ते स्वतः रोज सकाळी करतात. हे ते निरीक्षकांच्या दाराशेजारच्या भिंतीकडे तोंड करून सांगत होते.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कार्यालयात निघाली. दुसऱ्या संस्थेच्या प्रयोगात भाग घ्यायचा तर वरिष्ठांचं ना हरकत प्रमाणपत्र हवं, असं निरीक्षकांचं स्वतःचंच मत पडलं. कोणी मागितलं नव्हतं. वरिष्ठांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही काटे कशाने बघता?"

"डोळ्यांनी, साहेब."

"म्हणजे ते तपासणीचं साधन झालं. खात्याच्या साधनावर बाहेरच्या माणसाने काही बसवायचं तर आधी त्याची पडताळणी करावी लागेल. तुमच्या डोळ्यांवर खात्याचा शिक्का आहे का?"

"नाही, साहेब."

"मग इतकी वर्षं तुम्ही बिनशिक्क्याच्या साधनाने तपासणी करताय?"

प्रकरण टेबलावरून टेबलावर फिरलं. शेवटी वरिष्ठांनी 'कार्यालयीन वेळेबाहेरील दोन्ही डोळ्यांपुरती हरकत नाही' असं लिहून दिलं. कार्यालयीन वेळेतले डोळे खात्याकडेच राहिले.

नेत्र रुग्णालयात ज्या डॉक्टरीणबाई अभ्यास चालवत होत्या त्यांना ते प्रमाणपत्र नकोच होतं. त्यांनी ते चारही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. मग निरीक्षकांची तपासणी झाली. हनुवटी इथे, कपाळ तिथे, हिरव्या ठिपक्याकडे बघा, आता अक्षरं वाचा. अक्षरं वाचताना निरीक्षकांना घाम फुटला. नापास झालो तर साडू हात फिरवून काय म्हणतील, हे त्यांना त्या अक्षरांपेक्षा स्पष्ट दिसत होतं. निवड झाली. ते इतक्या जोरात 'वा!' म्हणाले की शेजारच्या खोलीत थेंब घालून बसलेल्या म्हातारबुवांनी डोळे उघडले.

"आता नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन प्रकारच्या लेन्सची तुलना आहे. तुमच्या एका डोळ्यात एक प्रकार, दुसऱ्यात दुसरा. कुठल्या डोळ्यात कुठला, ते सोडत काढून ठरतं."

"मग माझ्या उजव्यात कुठली?"

"ते तुम्हाला सांगायचं नसतं."

"बरोबर आहे. पण तुम्हाला माहीत असेल."

"मलाही सांगत नाहीत."

"मग कोणाला माहीत आहे?"

"संगणकाला. आणि तो अभ्यास संपेपर्यंत काही बोलत नाही."

निरीक्षकांनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली. "यावर बनवणाऱ्याचं नाव नाही. मालाचा प्रकार नाही. कधी भरलं ते नाही. असल्या पाकिटासाठी मी एका बिस्किटवाल्याला कोर्टात उभं केलंय."

"इथे ते मुद्दाम केलेलं असतं."

"तोही हेच म्हणाला होता."

डॉक्टरीणबाईंनी श्वास घेतला. त्या तरुण होत्या आणि सोशिक होत्या. यातली दुसरी गोष्ट त्या अभ्यासात बरीच कमी झाली. "हे बघा, संध्याकाळी घरी गेलात की लेन्स काढायच्या. डोळा लाल झाला, दुखला, तर लगेच काढायच्या आणि मला फोन करायचा. रोज फोनवर प्रश्न येतील, त्यांची खरी उत्तरं द्यायची. तुमच्या उत्तरावर पुढे खूप लोकांचे डोळे अवलंबून आहेत."

"माझ्या साडूंच्या कुठल्या डोळ्यात कुठली आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

लेन्स घालायला शिकणं हा वेगळाच अध्याय. पापणी हा निरीक्षकांच्या शरीरातला स्वायत्त विभाग निघाला. वरून आदेश गेला की उघडी राहा. विभागाने तो वाचला आणि पापणी मिटली. बोट डोळ्याकडे निघालं की डोकं मागे जायचं, डोकं भिंतीला टेकलं की खुर्ची मागे सरकायची. लेन्स कधी गालाला चिकटायची, कधी मिशीत अडकायची. "तुमच्या साडूंना पटकन जमलं होतं," असं एका मदतनीस बाईंनी हुरूप द्यायला सांगितलं, आणि त्या रागात पुढच्याच प्रयत्नाला लेन्स आत गेली.

घरी पहिल्या सकाळी लेन्स घातल्यावर उजव्या डोळ्याला काहीच दिसेना आणि डाव्याला भलतंच दिसायला लागलं. एक लेन्स हरवली असं ठरलं. मावशी खाली आल्या. मुख्याध्यापक आले. सगळे ओणवे होऊन न्हाणीघराची फरशी चाचपू लागले. मावशींनी तर "मागे गेली असणार" म्हणून निरीक्षकांचं डोकं मागून दाबून पाहिलं. शेवटी बायकोने विजेरी घेऊन त्यांच्या डाव्या डोळ्यात बघितलं आणि लांबूनच म्हणाली, "अहो, इथे दोन दिसतायत."

दोन प्रकारच्या लेन्सची तुलना दोन्ही एकाच डोळ्यात घालून करणारा असा सहभागी अभ्यासाला तोवर मिळाला नव्हता. निरीक्षकांना त्यातही क्षणभर बरं वाटलं. साडूंना हे जमलं नसतं.

मग वाक्याची वाट पाहणं सुरू झालं. निरीक्षक चष्म्याशिवाय बायकोसमोर उभे राहू लागले. ती भाजी चिरत असली की ओट्यापाशी, ती कपड्यांना इस्त्री करत असली की खिडकीपाशी, डोळे होतील तेवढे मोठे करून.

"काही हवंय का?"

"नाही."

"मग उजेड सोडा."

एकदा तिने खरोखर मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. निरीक्षकांनी श्वास रोखला. "नाकावर चष्म्याचे वळ पडलेत हो," ती म्हणाली. "थोडं तेल लावा."

डोळ्यांची खरी परिस्थिती अशी होती. वरिष्ठांचं प्रमाणपत्र घडी घालून खिशात असायचं आणि लेन्स कार्यालयातही डोळ्यांतच असायच्या. डावा डोळा मजेत होता. लेन्स आहे हे तो विसरूनही जायचा. उजव्याला मात्र दुपारनंतर असं वाटायचं की पापणीखाली कोणीतरी बसचं तिकीट ठेवून विसरून गेलंय. पहिल्या संध्याकाळी फोनवर प्रश्न आला: उजव्या डोळ्याला किती आराम वाटला, शून्य ते शंभरमध्ये सांगा. डाव्या डोळ्याला? निरीक्षक प्रामाणिक माणूस. त्यांनी डाव्याला नव्वद आणि उजव्याला पन्नास द्यायचं ठरवलं. पाठवण्याआधी सहज म्हणून साडूंना फोन लावला.

"काय म्हणतायत डोळे?"

"मस्त! एकदम मखमल. मी दोन्हींना नव्वद दिले."

"दोन्हींना?"

"का हो? तुमच्यातला एक कमी पडतोय का?"

आता या माणसाला काय सांगायचं? एक डोळा पन्नासचा आहे म्हणून? म्हणजे पुढच्या भेटीत हा बायकोदेखत म्हणणार, 'काय, पन्नास कसा आहे?' शिवाय प्रश्न तत्त्वाचा होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची पारडी समान आहेत की नाहीत हे पाहिलं, त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरच एक पारडं वर आणि एक खाली?

"छे छे. माझे पंच्याण्णव आहेत," निरीक्षक म्हणाले. "उजवा पंच्याण्णव, डावा पंच्याण्णव."

"खरं सांगू? मी अजून पाठवलं नाहीये," साडू म्हणाले. "आता जरा उघडझाप करून बघतोय तर शहाण्णव वाटतायत."

त्यानंतर रोज संध्याकाळी लिलाव चालायचा. दोघंही नव्व्याण्णववर येऊन थांबले. शंभर निरीक्षकांनी दिले नाहीत, कारण जो काटा कधीच चुकत नाही तो आधी तपासायचा, हे ते धंद्याने जाणून होते. गुण संपल्यावर गाडी तासांवर आली. "मी काय, जेवण होईपर्यंत काढतच नाही," साडू म्हणाले. निरीक्षकांनी संध्याकाळी काढायचा नियम त्याच दिवशी सोडला. साडूंनी मग बातम्या संपेपर्यंत ठेवायला सुरुवात केली. निरीक्षकांनी बातम्यांनंतरची चर्चासुद्धा पाहिली, आणि ज्यांनी ती चर्चा पाहिली असेल त्यांना कळेल की उजव्या डोळ्याने त्या घरात काय सोसलं.

डॉक्टरीणबाईंना फोन करावा असं त्यांच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा त्यांनी साडूंना केला.

आणि मग सासऱ्यांच्या घरचं ते जेवण आलं. सासरे पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी नोकरीच्या आठवणी लिहून काढल्या होत्या आणि जेवणाआधी त्या सगळ्यांना वाचून दाखवायचं ठरवलं होतं. जेवणानंतर वाचलं तर लोक झोपतात, हा अनुभव होता. टेबलाच्या एका बाजूला निरीक्षक बसले, बरोबर समोर साडू. निरीक्षकांच्या शेजारी त्यांची बायको, मुद्दाम उजेडाच्या बाजूला बसवलेली. आज ती बघणार, असं त्यांना आतून वाटत होतं. त्यासाठी त्यांनी लेन्स पहाटेच घातल्या होत्या. साडूंनीही घातल्या असाव्यात, कारण ते हात फिरवत नव्हते.

सासरे वाचू लागले. पार्सलांच्या खोलीतलं फडताळ पूर्वी दाराकडे तोंड करून होतं ते आपण खिडकीकडे कसं वळवलं, हा परिच्छेद चालू होता. तेवढ्यात निरीक्षकांच्या उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली.

"अगं बाई!" सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी!"

सासरे वाचायचे थांबले. आयुष्यात त्यांच्या कुठल्याही वाक्याने कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्यांनी कागद खाली केला. "एवढं लागलं मनाला?"

निरीक्षक काय सांगणार? समोर साडू बसले होते. "फडताळ वळवणं सोपं नसतं, बाबा," ते म्हणाले.

सासऱ्यांनी कागद परत वर धरला. "परत वाचू का?"

"वाचा."

"आमच्या यांच्याही डोळ्यांत आहे!" थोरली मेहुणी घाईघाईने म्हणाली. आपला नवरा मागे पडतोय हे तिला बघवेना. "बघा की, बाबा! डाव्या!"

खरंच, साडूंचा डावा डोळा वाहत होता. समोरासमोर बसल्यामुळे दोघं आरशात बघितल्यासारखे दिसत होते. सोडतीने साडूंना उलट वाटणी दिली होती, हे निरीक्षकांच्या त्या क्षणी लक्षात आलं. मखमल! नव्व्याण्णव! हा माणूस इतके दिवस खोटं बोलत होता. निरीक्षकांना भयंकर राग आला. खोटं बोलायचा हक्क फक्त आपला, असा काहीतरी त्यांचा समज झाला असावा.

"पण एकाच डोळ्यातून का येतंय?" सासूबाईंनी बारकाईने बघून विचारलं.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे अर्धंच पटलं वाटतं."

"नाही, बाबा, पूर्ण पटलंय!" असं म्हणत साडूंनी कोरडा डोळा चोळायला सुरुवात केली. दोन डोळ्यांनी रडणारा थोरला जावई आणि एका डोळ्याने रडणारा धाकटा, हे चित्र निरीक्षकांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी दोन्ही मुठींनी दोन्ही डोळे चोळले. साडूंनी ते पाहून जोर वाढवला. सासरे फडताळाचा परिच्छेद तिसऱ्यांदा, उभं राहून वाचू लागले. सासूबाई पदराने स्वतःचे डोळे पुसू लागल्या, कारण त्यांना वाटलं की आपलंच काहीतरी ऐकायचं राहून गेलं. आणि उजवी लेन्स वर सरकून पापणीखाली जाऊन बसली.

"आई गं!" निरीक्षक ओरडले.

"नव्व्याण्णव?" साडूंनी समोरून, दोन्ही डोळे मिटलेल्या अवस्थेत विचारलं.

"नव्व्याण्णव!" निरीक्षक म्हणाले.

"काय चाललंय तुमचं दोघांचं?" निरीक्षकांची बायको उठली. तिने त्यांना दंडाला धरून उठवलं. "चला तिकडे. आधी बेसिनपाशी चला."

बेसिनवरचा दिवा लख्ख होता. बायकोने साबणाने हात धुतले, नीट पुसले. पाकिटावरच्या सूचना त्या घरात फक्त तिनेच वाचल्या होत्या. डावी लेन्स निरीक्षकांनी स्वतः काढली. आता जग म्हणजे नुसता धुरळा होता. पण चष्म्याशिवायही निरीक्षकांना एक वीतभर अंतरावरचं अगदी स्वच्छ दिसतं, आणि बायको त्या वीतभरात आली. तिच्या भुवईत एक पांढरा केस होता. तो त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"वर बघा. आता खाली. पापणी ताठ करू नका, सोडा. मी आहे ना."

वरून आलेला हा पहिला आदेश पापणीने ऐकला. बायकोने बोटाच्या टोकाने हलकेच लेन्स खाली ओढली, चिमटीत धरली आणि काढली. मग ती बाजूला झाली नाही. तशीच बघत राहिली.

"अहो."

"काय?"

"तुमचे डोळे घारे आहेत."

"माझे?"

"मला इतकी वर्षं काळेच वाटायचे." तिने त्यांची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग परत उजवा. एवढा लाल असूनही. "किती छान आहेत हो," ती म्हणाली. "खरंच."

सासऱ्यांचा आवाज बाहेरून येत होता, फडताळ अजून वळतच होतं. उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि या वेळी डाव्यातूनही आलं, न चोळता. त्यांच्या छातीतली ती जुनी तफावत कुठल्या कुठे गेली. माणूस इतका हलका असू शकतो, हे वजनमापे खात्यात राहूनही त्यांना ठाऊक नव्हतं.

"अगदी भावोजींसारखे," बायको म्हणाली.

दारात काहीतरी आपटलं. एक डोळा पंच्याने झाकून, चाचपडत साडू येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माझ्यासारखे?" ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "यांचे?"

दोघांना एकाच वेळी, एकाच गोष्टीचं, अगदी सारखंच वाईट वाटण्याचा हा पहिला प्रसंग. मोजायला कोणी असतं तर फरक शून्य निघाला असता.

पुढचं, म्हणजे जे घडलंच नाही ते, थोडक्यात. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी दोघांचे डोळे पाहिले, मग दोघांची उत्तरं पाहिली, मग परत डोळे पाहिले. "तुमच्या उत्तरांवरून या दोन्ही लेन्सइतकं सुख जगात दुसरं नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या डोळ्यांवरून मला आत्ता दोघांना थेंब घालायला हवेत." थेंब घातले. जखम नव्हती, थोडे दिवस चष्मा लावा म्हणाल्या. दोघांची उत्तरं वापरता येणार नाहीत हेही सांगितलं. मग त्यांनी हात जोडले. "आधी कोणाला काढलंत?" निरीक्षकांनी विचारलं. "मला की यांना?" त्यांनी फक्त हात आणखी घट्ट जोडले.

निरीक्षकांचा चष्मा परत नाकावर आला. डोळे टेकडीपलीकडे गेले. बायको आता कधीमधी दिवा मालवण्याआधी "थांबा" म्हणून त्यांच्याकडे जरा बघते. पण बघताना तिच्या मनात दुसऱ्या कोणाचे डोळे येत असतील का, या विचाराने निरीक्षकांना झोप येत नाही. शेवटी त्यांनी रीतसर मार्ग पत्करला. नेत्र रुग्णालयात त्यांचा पुढील अर्ज दाखल झाला असून त्यावर पोच मिळाली आहे.

"प्रति, प्रमुख, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तुलना अभ्यास. विषय: तुलना मागे घेणेबाबत.

महोदया, उपरोक्त अभ्यासाच्या कालावधीत, अर्जदाराच्या सासुरवाडीतील बेसिनपाशी, अर्जदाराच्या पत्नीने अर्जदाराच्या डोळ्यांविषयी दोन विधाने केली. पैकी पहिले विधान अर्जदारास मान्य असून ते आहे तसे कायम ठेवावे. दुसऱ्या विधानात मात्र अर्जदाराच्या डोळ्यांची तुलना अन्य एका सहभागी व्यक्तीच्या डोळ्यांशी करण्यात आली आहे. सदर तुलना आपल्या अभ्यासाच्या मंजूर उद्दिष्टांत बसत नाही. तीस अर्जदाराची लेखी संमती नव्हती. आणि तुलना करणाऱ्या व्यक्तीस कोणते डोळे कोणाचे हे आधीपासून माहीत होते, जे आपल्याच नियमांच्या विरुद्ध आहे. सबब 'अगदी भावोजींसारखे' हे शब्द अभ्यासाच्या नोंदींतून व पत्नीच्या स्मरणातून कायमचे वगळण्यात यावेत. ते शक्य नसल्यास, भावोजींचे डोळे अर्जदाराच्या डोळ्यांसारखे आहेत, असे विधान पत्नीने योग्य क्रमाने, पुरेशा उजेडात व सदर सहभागी व्यक्तीच्या समक्ष पुन्हा करावे, असे आदेश आपल्या स्तरावरून व्हावेत, ही नम्र विनंती."